सायंकाळी सहाला मेन बंद करणे

सोळा जानेवारी, गुरुवार. काम: ग्रामीण रुग्णालयाच्या राउटरवर नवी प्रोग्राम-फाइल कॉपी करणे. अंदाजे वेळ चाळीस मिनिटं.

माझ्या कामाच्या वहीत त्या दिवशीची नोंद एवढीच आहे. काम संपलं की पुढे ‘झाले’ असं लिहायची माझी सवय आहे. त्या दिवशी ते लिहायचं राहून गेलं.

परभणीत एका इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर माझी खोली आहे. जिल्हाभरच्या सरकारी कचेऱ्या, दवाखाने, शाळा एकमेकांना तारेने जोडलेल्या असतात आणि प्रत्येक ठिकाणी त्या तारेच्या टोकाला एक पेटी असते. ती म्हणजे राउटर. कुठली माहिती कुठल्या वाटेने पाठवायची हे ती ठरवते. या पेट्या नीट चालवायचं कंत्राट आमच्या कंपनीकडे आहे आणि कंपनीकडून परभणीत मी आहे. चोवीस वर्षं झाली. लोकांना वाटतं मी इंटरनेट दुरुस्त करते. माझं खरं काम फाइली कॉपी करण्याचं, आणि कॉपी नीट झाली का ते तपासण्याचं.

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून थोडक्यात सांगते. पेटीत दोन महत्त्वाच्या फाइली असतात. एक प्रोग्रामची. ती एका लहानशा कार्डावर असते. पेटी सुरू केली की ती फाइल कार्डावरून उचलून मेमरीत घेतली जाते आणि मग सगळा कारभार मेमरीतून चालतो. दुसरी फाइल सेटिंगची, म्हणजे या गावचा पत्ता काय, पुढची वाट कुठली वगैरे. या सेटिंगच्या दोन प्रती असतात, एक चालू आणि एक जपलेली. मी बदल करते तो चालू प्रतीत होतो. ती प्रत जपलेल्या जागी कॉपी करायचा हुकूम वेगळा द्यावा लागतो. तो विसरला तर काही बिघडत नाही, वीज जाईपर्यंत. वीज जाऊन आली की पेटी जुनीच प्रत वाचते आणि आपला बदल कधी झालाच नव्हता असं वागते.

बाकी या कामात शिकण्यासारखं फार नाही, माणसं सांभाळणं सोडून. एका तहसीलमध्ये खंडेनवमीला राउटरची पूजा झाली आणि हळदकुंकू, अक्षता थेट पंख्याच्या जाळीत गेल्या. पंखा बंद, पेटी तापून बंद. मी जाऊन तांदूळ काढले, तर हेडक्लार्क म्हणाले, “मॅडम, पण बघा, मागच्या साली पूजा केली न्हवती तर वर्षभर बंदच होता.” दुसऱ्या एका शाळेत बाईंनी पेटीला क्रोशाचं झाकण विणून घातलं होतं. सुंदर होतं. मी ते काढून टेबलावर अंथरलं आणि त्या बाई माझ्याशी आजतागायत बोलत नाहीत.

आता त्या रुग्णालयाबद्दल. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. जिंतूरच्या बाजूचं मोठं गाव आहे, इतकं पुरे. रुग्णालयाची नवी इमारत आहे, पण कॉम्प्युटरची खोली आवाराच्या दुसऱ्या टोकाला, जुन्या दवाखान्यात आहे. तिथलं मीटर वेगळं, मेन स्विच वेगळा. या जुन्या इमारतीची देखभाल लिंबाजीमामा करतात. शिपाई, पन्नाशी ओलांडलेले, बारीक, घड्याळासारखे नियमित.

काही वर्षांपूर्वी उन्हाळ्यात वळवाच्या रात्री वीज पडली आणि तिथला राउटर जळाला. इमारत बंद होती पण मेन चालू होता. लिंबाजीमामांना मेमो मिळाला. तेव्हापासून मी नियम केला की संध्याकाळी सहाला इमारत बंद करताना मेन पाडायचा. आठवड्याने गेले तर मेन चालूच. कोणीतरी मोबाइल चार्जिंगला लावले होते. लिंबाजीमामा म्हणाले, “लोक म्हणतेत राहू द्या, मी काय करू?” मी वैतागून एक कोरा कागद घेतला आणि जाड मार्करने लिहिलं: सायंकाळी सहाला मेन बंद करणे. कोणीही सांगितले तरी चालू ठेवू नये. खाली सही केली, पदनाम लिहिलं, शिक्का मारला आणि कागद स्विचबोर्डाशेजारी चिकटवला. त्यानंतर तिथली पेटी एकदाही जळली नाही. मला त्या कागदाचा अभिमान होता.

सतरा जानेवारीला तिथे दिव्यांग प्रमाणपत्राचं शिबिर होतं. तीन महिन्यांनी एकदा हाडांचे, कानांचे, डोळ्यांचे डॉक्टर जिल्ह्याहून येतात, आसपासच्या गावांतून लोक येतात, डॉक्टर तपासतात आणि नोंद तिथल्या तिथे ऑनलाइन करावी लागते. लाइन बंद म्हणजे नोंद नाही, आणि नोंद नाही म्हणजे या तपासणीचा उपयोग नाही.

ऑक्टोबरचं शिबिर असंच वाया गेलं होतं. लाइन बंद पडली होती आणि ती माझ्यामुळे बंद पडली होती.

शिबिराच्या दिवशी सकाळी लवकर मी स्वतः तिथे जाऊन सेटिंगमध्ये नवी वाट टाकली होती. चालवून पाहिली, छान चालली. तेवढ्यात सेलूहून फोन आला की तिथली लाइन गेली आहे. मी बॅग उचलली आणि निघाले. चालू प्रत जपलेल्या जागी कॉपी करायचा हुकूम द्यायचा राहिला. फक्त एक ओळ. दहाच्या सुमाराला वीज क्षणभर गेली, आली, आणि पेटी जुन्या वाटेने चालायला लागली, म्हणजे कुठेच पोचेना. मी सेलूत होते. कारण कळायला दुपार झाली, तिथे पोचायला चार वाजले. डॉक्टरांची गाडी फाटकातून बाहेर पडताना मला दिसली.

ओट्यावर एक बाई बसली होती, काशीबाई. मेंढरांमागे फिरणारं घर. शेजारी मुलगी, अनिता, नववीतली, दोन्ही पाय जन्मापासून वळलेले. ऑपरेटर शीतल मला सांगत होती की शाळेच्या मुख्याध्यापकांनी वसतिगृहात जागा देऊ म्हटलंय, पण फेब्रुवारीअखेर प्रमाणपत्र पाहिजे. जागा मिळाली नाही तर मुलगी पुन्हा मेंढरांबरोबर, घोड्याच्या पाठीवर, आणि शाळा संपली. जानेवारीचं शिबिर हे शेवटचं. एप्रिलच्या शिबिराला कळप विदर्भात असणार.

काशीबाईने मला विचारलं, “काय झालं व्हतं म्हनं?”

मी म्हणाले, “सर्व्हर डाउन होता.”

अहवालात लिहिलं: वीजपुरवठा खंडित झाल्यामुळे. ते खोटं नव्हतं. कोणी काही विचारलं नाही.

म्हणून जानेवारीत मी जास्तच काळजी घेत होते आणि तिथेच फसले. त्या आठवड्यात तिथली पेटी दोनदा अडकली. जुन्या प्रोग्राममधला दोष होता, गर्दी वाढली की गोठायची. दोष काढलेली नवी फाइल सोळा तारखेला सकाळी माझ्या हातात आली. नांदेडला आमचे साहेब बसतात. मी फोन करून विचारलं.

“शिबिर झाल्यावर करा,” साहेब म्हणाले.

“आठवड्यात दोनदा अडकलाय. उद्या लोकांच्या रांगेत अडकला तर?”

“आणि आज तुमच्या हातून गेला तर?”

“तर माझी जबाबदारी.”

“ते तुम्ही दर वेळी म्हणता,” साहेब म्हणाले आणि त्यांनी ‘नाही’ म्हटलं नाही.

अडचण जागेची होती. त्या जुन्या पेटीचं कार्ड इतकं लहान की जुनी फाइल आणि नवी फाइल एकत्र मावत नाहीत. आधी जुनी पुसायची, मग नवी कॉपी करायची. मधल्या वेळात कार्ड कोरं असतं. पेटी तरीही चालत राहते, कारण प्रोग्राम मेमरीत आहे. वरून पाहणाऱ्याला काही कळत नाही. दिवे हिरवे, काम सुरू. पण तेवढ्या वेळात वीज गेली तर उठून उभं राहायला तिच्याकडे काही नसतं. मग कोणीतरी प्रत्यक्ष जाऊन, केबल लावून, थेंबथेंब फाइल चढवायची. त्याला सहा-सात तास लागतात.

यूपीएस होता. मागे एकदा चौकशी केली तेव्हा शीतल म्हणाली होती, “मॅडम, तो लय बोंबलायलाय म्हणून काढून ठेवलाय.” बॅटरी संपल्याचं सांगत होता बिचारा.

मी तीनला सुरू करणार होते. पण तीन ते साडेचार वरच्या अधिकाऱ्यांची व्हिडिओ-बैठक होती आणि लाइन त्यात अडकलेली. चार चाळीसला लाइन मोकळी झाली. चाळीस मिनिटं म्हणजे पाच वीस. सहाला मेन पडणार, मधे चाळीस मिनिटं शिल्लक. मी जुन्या फाइलची एक प्रत माझ्याकडे ओढून ठेवलेली होती. पेटीने विचारलं, पुसू का? मी एंटर दाबलं.

फाइल कॉपी होताना पडद्यावर उद्गारचिन्हं उमटतात. एक तुकडा पोचला की एक चिन्ह. तुकडा हरवला तर टिंब. लागोपाठ टिंबं आली की पेटी कंटाळते आणि सगळं सोडून देते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. मी वीस-बावीस वर्षं ही चिन्हं पाहत आले आहे. चहा पीत पाहायची गोष्ट असते ती.

पाच बाराला टिंबं आली. सहा-सात लागोपाठ. कॉपी थांबली. तीन चतुर्थांश झालं होतं, ते सगळं गेलं.

पुन्हा हुकूम दिला. पाच चौदा. लाइन सुस्तावलेली, चिन्हं पहिल्यापेक्षा हळू. मी वेग मोजला. सहा वाजून दहा-पंधरा मिनिटं होणार होती.

शीतलला फोन लावला. ती उद्याच्या शिबिरासाठी पलीकडच्या गावांत निरोप द्यायला गेली होती, फोन क्षेत्राबाहेर. मेडिकल ऑफिसरांचा फोन वाजत राहिला. नव्या इमारतीतल्या टेलिफोनवर सिस्टरने उचलला.

“सर लेबर रूममध्ये आहेत मॅडम, आणि मी पण आतच चालले आहे. बाळ आडवं आहे. लिंबाजीमामा? ते जुन्याकडं. मोबाइल? ते मोबाइल घरीच ठेवतात, ड्युटीवर आणत नाहीत. नंबर लिहा.”

पाच अठ्ठावीसला मी तो नंबर फिरवला. बराच वेळ वाजला.

“जय भीम. कोन?” बाईचा आवाज. मागे शेळ्या ओरडत होत्या.

“लिंबाजीमामांचं घर का? मी परभणीहून बोलते, राउटरच्या मॅडम.”

“ते डिवटीवर हायेत. फोन हितंच हाय. मी त्यांची मंडळी, पंचफुला.”

“पंचफुलाताई, फार घाईचं काम आहे. मामांना जाऊन सांगा, आज सहाला मेन पाडू नका. साडेसहापर्यंत तरी नको.”

“न्हाई ऐकायचे ते. मेन पाडायचा हुकूम हाय. परभणीच्या म्याडमनी लिहून देल्ला.”

“ती मॅडम मीच आहे.”

“तुमीच का?” त्या म्हणाल्या. “मग आता उलटं कामून सांगायलाव?”

मी शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं की पेटीतली जुनी फाइल मी काढली आहे, नवी निम्मीसुद्धा पोचलेली नाही, आणि आता वीज गेली तर उद्या शिबिर होणार नाही.

“मागल्या बारीसारखं?”

“मागच्या वेळेसारखंच.”

“थांबा,” त्या म्हणाल्या. “ही एक शेळी बांधू द्या. न्हाईतर कुत्री फाडतील.”

घर ते दवाखाना एक-दीड किलोमीटर. त्या फोन कानाशी धरूनच निघाल्या. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता आणि पडद्यावर चिन्हं सरकत होती. मधे रस्त्यात कोणीतरी हटकलं, “काय पंचफुला, पळायलीस कुठं?” “मालक हाय का बघायला,” त्या म्हणाल्या आणि समोरून हसण्याचा आवाज आला. मला हसू आलं नाही. एक टिंब, मग चिन्हं. दोन टिंबं, मग चिन्हं.

पाच पन्नासला त्या जुन्या इमारतीशी पोचल्या. मामा मागे पाण्याची टाकी भरत होते. त्यांना बोलावून आणण्यात चार मिनिटं गेली.

“हां, बोला,” मामांचा आवाज आला.

“मामा, मी मॅडम बोलते. आज मेन पाडू नका.”

“कोन म्याडम?”

“राउटरच्या. तुमच्या भिंतीवर कागद लावलाय ती.”

“त्याच्यावर लिव्हलंय, कोनीही सांगितलं तरी चालू ठेवू नये.”

“मीच लिहिलंय ते.”

“सही हाय तुमची,” मामा शांतपणे म्हणाले. “पर आवाजाला सही कुठं आसती म्याडम? उद्या कोनी बी बाई फोन करंल. मला एकदा मेमो मिळालाय. ते बी तुमच्याच पेटीपायी.”

मला राग यायला हवा होता. पण त्यांचं म्हणणं बरोबर होतं. त्यांना तसं वागायला मीच शिकवलं होतं. मी म्हणाले, “मग तो कागद फाडून टाका, माझ्या शब्दावर.”

“शिक्का मारलेला कागद फाडू? काय बोलायलाव?”

“मामा, उद्या शिबिर आहे.”

“म्हनूनच म्हन्तो. आज कागदापरमानं चालतो, उद्या तुमी या अन् काय करायचं ते करा.”

मागून पंचफुलाबाई मोठ्याने म्हणाल्या, “आवो, मागल्या बारीला ती मेंढरावाली पोरीला पाठुंगळी मारून आलती, आठवतंय का? सांजच्याला आपल्या दारात बसून भाकर खाल्ली माय-लेकीनं. उद्या ती येनार हाय.”

“मी का न्हाई म्हन्तो? मला चिठ्ठी आणून दे डॉक्टर साहेबांची.”

“डॉक्टर बाळतपणात हाय!”

“मग मी काय करू?”

पाच अठ्ठावन्नला फोन तुटला. मी पुन्हा लावला, लागेना. पुन्हा लावला. सगळ्या लाइन व्यस्त आहेत, असं कोणीतरी गोड आवाजात सांगत होतं.

आता माझ्याजवळ फक्त पडदा उरला. खोलीतल्या भिंतीवरचं घड्याळ दोन मिनिटं पुढे आहे हे मला माहीत होतं, तरी मी त्याच्याकडे पाहत होते. मामा सहा म्हणजे सहाला मेन पाडणारे. चिन्ह, चिन्ह, चिन्ह. मोबाइलवर सहा वाजले.

टिंब.

टिंब. टिंब.

मी खुर्चीतून उठले. पाडला, म्हणाले मोठ्याने. खोलीत कोणी नव्हतं. मनातल्या मनात उद्याचा दिवस मांडायला लागले: पहाटे निघायचं, केबल, लॅपटॉप, सात तास, दुपारचे तीन, डॉक्टरांची गाडी फाटकाबाहेर. चौथं टिंब आलं. पाचवं.

मग चिन्ह. मग आणखी एक. मग नेहमीसारखी रांग. मी उभीच राहिले. बसले तर थांबेल असं वाटत होतं, आणि असलं वाटणं मला एरवी दुसऱ्या कोणाचं खपत नाही.

सहा अठराला कॉपी संपली. त्यानंतर तपासणी. फाइलमधल्या अक्षरन् अक्षराचा हिशोब करून पेटी एक लांबलचक आकडा काढते. मूळ फाइलचा आकडा आणि प्रतीचा आकडा एक निघाला तर प्रत खरी. मी दोन्ही आकडे कागदावर उतरवून बोट ठेवून वाचले, दोनदा. जुळले.

साडेसहाला फोन लागला. पंचफुलाबाईंनीच उचलला.

“झालं का?” त्या म्हणाल्या.

“झालं. मामांनी ऐकलं का मग?”

“कुठं ऐकायलेत! मी आपली त्या बोर्डाला पाठ लावून खाली बसले. म्हनलं, मला उचला अन् पाडा मेन. आदी पाच मिनटं उभे व्हते. मग गेले बादल्या ठेवायला. आता समोर बसलेत तोंड फुगवून. पाडू का म्हनून इचारायलेत.”

“आज राहू द्या म्हणावं. मी सकाळी येते.”

मागून मामा म्हणाले, “लिहून आना म्हनावं.”

रात्रभर पेटी चालू ठेवली, पण काम अर्धंच झालं होतं. नवी फाइल कार्डावर असली तरी मेमरीत अजून जुना प्रोग्राम होता. नवा उचलला जायचा तर पेटी एकदा बंद करून सुरू करावी लागते. न करता तशीच सोडली तर शिबिराच्या गर्दीत ती अडकणार, मग कोणीतरी घाबरून बटण बंद-चालू करणार, म्हणजे तेच भर रांगेत होणार. सुरू करायची तर सकाळी, लोक यायच्या आत, मी समोर उभी असताना. आकडे जुळले होते. तरीही जुळलेल्या आकड्यांची फाइल सुरू होत नाही असं मी आयुष्यात दोनदा पाहिलं आहे.

सतराला पहाटेच्या गाडीने निघाले. साडेसातला तिथे पोचले. लिंबाजीमामा दारात होते. त्यांनी नमस्कार केला आणि हात पुढे केला. मी पर्समधून कागद काढून दिला: दि. १६ रोजी मेन चालू ठेवण्यास परवानगी होती. सही, शिक्का. त्यांनी तो वाचला, घडी केली आणि खिशात ठेवला. “आता बरं वाटलं,” म्हणाले.

ओट्यावर दहा-बारा माणसं आधीच येऊन बसली होती. काशीबाई होती, अनिता होती. मी आत गेले, केबल लावली, पेटीचं बटण बंद केलं, दहा आकडे मोजले आणि चालू केलं. पंखा फिरला. पडदा बराच वेळ कोरा राहिला. मग ओळी यायला लागल्या. साधारण चार मिनिटं लागली. त्या चार मिनिटांत मी काय विचार केला ते आठवत नाही; हातातल्या केबलला पडलेला पीळ मात्र अजून गेलेला नाही. शेवटचा दिवा हिरवा झाला. सेटिंग वाचली, तपासली आणि जपलेल्या जागी कॉपी केली. शीतलने प्रमाणपत्राचं पान उघडून पाहिलं. उघडलं.

दहाला डॉक्टर आले. लाइन दिवसभर अडकली नाही. अनिताचा नंबर चौदावा होता. हाडांच्या डॉक्टरांनी तपासलं, शीतलने नोंद केली, छापलेली पावती काशीबाईच्या हातात आली. तिने ती अनिताला वाचायला लावली, नाव बरोबर आहे ना म्हणून, मग प्लास्टिकच्या पिशवीत घातली आणि पिशवी पोलक्यात खोवली.

मी तेव्हाच निघू शकले असते. मला कोणी थांबवलं नव्हतं. पण मी तिच्याजवळ ओट्यावर बसले आणि सांगितलं, “काशीबाई, मागच्या वेळी सर्व्हर डाउन नव्हता. माझी चूक होती. एक काम करायचं राहून गेलं होतं माझ्याकडून, म्हणून सगळं बंद पडलं.”

मला वाटलं, चिडेल, किंवा जाऊ द्या म्हणेल.

“तुमची व्हती?” ती म्हणाली. “हिचा बाप मला तीन महिने बोलायलाय. म्हन्तो, तूच कागद नीट आनले नसतील. सर्व्हर फिर्व्हर काय न्हाई, तुला काही कळत न्हाई. माझ्या भायाच्या, जावंच्या म्होरं बोलला.”

तिने कमरेच्या पिशवीतून बटणांचा फोन काढला, नंबर लावला, पलीकडे कोणी बोलायच्या आत तो माझ्या हातात दिला. “आता हेच त्याला सांगा.”

कुत्री भुंकत होती, वारा होता. एक माणूस “हालो, हालो” करत होता. मी माझं नाव सांगितलं, काम सांगितलं, आणि सांगितलं की ऑक्टोबरात काशीबाईंचे सगळे कागद बरोबर होते, चूक माझी होती, आज मुलीची नोंद झाली आहे.

“म्याडम,” मग तो म्हणाला, “जरा थांबा. हितं माझा भाऊ हाय, भावजय हाय. त्यांनी बी लय बोललंय तिला. म्या फोन मोठ्या आवाजावर करतो. तुमी आनखी एकदा सांगा.”

काशीबाईने अनिताला पाठीवर घेण्यासाठी पदर खोचला, पण ती उठली नाही. माझ्या तोंडाकडे पाहत थांबली.

मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, जरा मोठ्याने.